फाटकावरचा घोट

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून आत जाणारं पाणी आधी घोटकाकांच्या तोंडातून जायचं. टँकर फाटकाशी थांबायचा, ड्रायव्हर उतरून मागची तोटी सैल करायचा, काका आपला स्टीलचा पेला खाली धरायचे, एक घोट घ्यायचे, डोळे मिटून या गालातून त्या गालात फिरवायचे आणि भिंतीकडेच्या मातीत थुंकायचे. मान डोलली तर टँकर आत. नाही डोलली तर आल्या वाटेनं परत, मग ड्रायव्हर कितीही पाया पडो. म्हणून त्यांचं नाव पडलं घोटकाका. खरं नाव हॉस्पिटलात दोघातिघांना ठाऊक असेल, आणि त्यांनाही ते आठवायला कपाळ खाजवावं लागलं असतं.

त्या भागात पाण्याची परिस्थिती अशी होती की तळ्याच्या तळाला पोरं बॉल खेळायची. हॉस्पिटलची स्वतःची बोअर आधी खारट झाली आणि मग आटली. आता सगळा कारभार लांबून येणाऱ्या टँकरवर. पाण्यातल्या जंतूंचं काकांना भय नव्हतं. टाकीत औषध टाकलं की जंतू मरतात. पण पाण्यात विरघळून आलेला खार आणि कडवटपणा कुठल्या औषधानं मरत नाही. तो भांड्यांवर पांढरा थर धरतो, नळ्या चोंदवतो, आणि किडनीच्या रुग्णांचं रक्त धुणाऱ्या यंत्रांचे फिल्टर खाऊन टाकतो. तसलं पाणी फाटकाबाहेरच अडवायचं, एवढंच काकांचं काम.

लॅबमध्ये त्यासाठी पेनाएवढं एक मीटरही होतं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवायचं. लॅबमधल्या ताईनं ते एकदा हौसेनं फाटकावर आणलं, तेव्हा काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि ड्रायव्हरलोकांसमोर विचारलं, "ताई, तुमच्या या यंत्राला कधी तहान लागली आहे का?" सगळे हसले, ताईही हसली, आणि मीटर जे ड्रॉवरमध्ये गेलं ते तिथंच राहिलं. हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनीही तो विषय पुढे रेटला नाही. काकांची जीभ कधी चुकली नव्हती, मग कशाला कुणाचं मन दुखवा?

ही जीभ काकांना कुणा देवानं दिली नव्हती. ती त्यांनी आळसातून कमावली होती. लहानपणी आई त्यांना लांबच्या विहिरीवर पिटाळायची, आणि हे चिरंजीव जवळच्या विहिरीतून घागर भरून, सावलीला बसून वेळ काढून, घामाघूम झाल्याचं सोंग करत घरी यायचे. आई एक घोट घ्यायची, पाठीत एक धपाटा घालायची आणि घागर तिथंच ओतून परत पाठवायची. तेव्हा पोरानं आसपासची प्रत्येक विहीर चाखून पाहिली, लांबच्या पाण्यासारखं जवळ कुठं मिळतं का म्हणून. आईला काही फसवता आलं नाही. पण या खटाटोपात चव मात्र कळायला लागली. पुढे ते हॉस्पिटलात माळी म्हणून लागले, पाण्यावाचून बाग जळाली, आणि रिकाम्या माळ्याला कुठंतरी बसवायचं म्हणून फाटकावर बसवलं. तिथं त्यांना एकदम भाव चढला. माणूस वाईट नव्हता, पण मिजास होती. नातलगाकडे पाण्याचा तांब्या समोर आला की हे हुंगल्यासारखं करून "नळाचं दिसतंय" म्हणायचे, आणि बायकोला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

काकांच्या जिभेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे टेलरमास्तर. समोरच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. डॉक्टरांचे कोट, वॉर्डातले पडदे, सगळं तेच शिवायचे. मग त्यांच्या किडन्या गेल्या. दिवसाआड सकाळी ते डायलिसिसला यायचे. ती खोली मागच्या फाटकाला लागूनच होती, आणि नंबर लागेपर्यंत मास्तर फाटकाशेजारच्या सिमेंटच्या बाकावर बसायचे. त्यांना दिवसभरात मिळून एका लहान पेल्याएवढंच पाणी प्यायची परवानगी होती. प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. बायको रोज सकाळी तो पेला भरून ठेवायची आणि मास्तर तो दिवसभर पुरवायचे.

"काय घोटराव, आज कसं आहे?" बाकावर टेकता टेकता मास्तर विचारायचे.

आणि काका सांगायचे. आजचं जरा जड आहे, खडकातून आलंय, आधी दाताला लागतं आणि मग घशात गार उतरतं. आजचं हलकं, नुसतं वाऱ्यासारखं, प्यायलं काय न प्यायलं काय. आजच्याला मातीचा वास आहे, पण चांगल्या मातीचा. मास्तर डोळे मिटून ऐकायचे. ऐकताना त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची. मग म्हणायचे, "झालं, भागली माझी तहान," आणि उठून आत जायचे. नर्सेसना हा चहाटळपणा वाटायचा. पण काकांना आपल्या आयुष्यात कुणाच्या एवढं कामी पडल्याचं आठवत नव्हतं. मास्तरांच्या दिवशी ते थुंकायच्या आधी घोट जरा जास्तच वेळ तोंडात घोळवायचे.

मग काकांना ताप आला. आठवडाभर अंथरुणावर पडून होते, उठले, कामावर गेले. पहिल्याच टँकरला पेला तोंडाला लावला आणि काही लागलंच नाही. गार लागलं, ओलं लागलं, बाकी काही नाही. तोंड कोरडं पडलं असेल म्हणून दुसरा घोट घेतला. तोही तसाच. ड्रायव्हर ओळखीचा होता, पाणी रोजच्या विहिरीचं होतं. काकांनी मान डोलावली.

घरी बायकोच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. डाळीत मीठ घालायचं ती विसरली होती. पहिला घास घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं, आता ताट सरकवतात म्हणून. नवरा मुकाट जेवत होता. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम चहात साखरेऐवजी मीठ घातलं. काकांनी बशीत ओतून फुर्र करत सगळा चहा संपवला आणि वर शाबासकी दिली की आज चहा जमलाय. बायको हसायला म्हणून वळली आणि तिला हसू आलं नाही.

"अहो, मोठ्या बाईंना जाऊन सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू? चव येईल परत. ताप गेला तशी येईल."

"आणि नाही आली तर?"

काका चपला घालून बाहेर गेले. ते पंपघराशेजारच्या खोलीत राहायचे, हॉस्पिटलनंच दिलेल्या, आणि बायकोलाही कळत होतं की हे काम गेलं तर खोली गेली. तरी तिनं पुन्हा विचारलं, परत विचारलं, आणि मग विचारायचं सोडलं. खोलीची भीती काकांना नव्हती असं नाही. पण खरी भीती वेगळीच होती. जीभ गेल्यावर फाटकावर जो माणूस उरला असता, तो त्यांना स्वतःलाच ओळखीचा नव्हता.

मग सुरू झाल्या क्लृप्त्या. काका आता पेल्यातल्या पाण्याचा रंग पाहायचे, पेला उन्हात वाळवून तळाशी डाग राहतो का ते बघायचे, ड्रायव्हरला गप्पांत घेऊन पाणी कुठून भरलं ते काढून घ्यायचे. ओळखीच्या माणसाला आत सोडायचे, अनोळखी असला की उगाच तोंड वाकडं करून परत पाठवायचे. सगळं नीट चाललं. इतकं नीट, की काकांना वाटायला लागलं, जिभेची तशी गरजच नव्हती.

फक्त मास्तरांचा प्रश्न होता. "आज कसं आहे?" या प्रश्नाला क्लृप्ती नव्हती. म्हणून काका खोटं सांगायला लागले. आणि वाईट गोष्ट अशी की खोटं जास्त रंगायला लागलं. खरी चव असताना ते दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हायचे. आता लहानपणीची लांबची विहीर, तिच्या काठावरचा ओला दगड, आईच्या ओंजळीतून प्यायलेलं पाणी, सगळं त्या पेल्यात येऊ लागलं. मास्तर खुश असायचे. "हल्ली तुमचं पाणी फार गोड झालंय, घोटराव," असं एकदा म्हणाले. काका त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

त्या सकाळी रोजचा टँकर आला नव्हता. आदल्या दिवशीही आला नव्हता. ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी बिघडली होती. वरच्या टाकीचा तळ दिसायला लागला होता. ऑपरेशन थिएटरमधून दोनदा निरोप आला, स्वयंपाकघरातून बाई येऊन भांडून गेली. तेवढ्यात एक टँकर फाटकाशी थांबला, ड्रायव्हर नवा. पाणी रोजच्याच विहिरीचं आहे, असं तो काकांनी विचारायच्या आधीच म्हणाला. एरवी एवढ्यावरनंच काकांनी त्याला हाकलला असता.

त्यांनी पेला भरला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. घोट घेतला, फिरवला, काही नाही. लॅबमधली ताई नुकतीच तिची स्कूटर लावत होती, हाकेच्या अंतरावर. तिला हाक मारायची, मीटर आण म्हणायचं, बस. काकांनी तोंड उघडलंसुद्धा. मग मनात आलं, ती विचारेल, आजच का? आणि तोंड मिटलं.

बाकावर मास्तर बसलेच होते. "आज कसं आहे?"

"आज?" काका म्हणाले. "आज तर विचारूच नका मास्तर. आमच्या लांबच्या विहिरीचं आहे असं वाटतं. अगदी तेच."

मग मास्तरांनी कधी केलं नव्हतं ते केलं, हात पुढे केला. "एवढं म्हणताय तर एक घोट द्या. आजच्या पेल्यातून वजा करीन."

काकांनी आपला पेला त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी ओठ लावले. एक घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा आक्रसला. कडू औषध घेतल्यावर होतो तसा. त्यांनी गिळलं, काकांकडे पाहिलं, पेल्यात पाहिलं. काकांनी तो चेहरा पाहिला. अगदी स्पष्ट पाहिला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," मास्तर ओशाळून हसले. "तुम्ही म्हणताय म्हणजे चांगलंच असणार."

ड्रायव्हर नळी जोडून उभा होता. काकांनी मान डोलावली.

दुपारपर्यंत त्या पाण्यानं आपला गुण दाखवला. वॉर्डातल्या पोरांनी पाणी प्यायला तोंडाला लावलं आणि थुंकलं. स्वयंपाकघरातली बाई भातासकट पातेलं घेऊन ओरडत आली. आणि डायलिसिसच्या खोलीत पाणी गाळणारं मोठं यंत्र आधी घरघरलं, मग लाल दिवा लावून बंद पडलं. मास्तरांची पाळी अर्धवट सोडून सुया काढाव्या लागल्या. ताईनं ड्रॉवरमधलं मीटर काढून टाकीत बुडवलं आणि आकडा पाहून मोठ्या बाईंकडे धावली. ते पाणी कुठल्याशा बंद पडलेल्या खाणीतल्या खड्ड्याचं होतं. ड्रायव्हरचा पत्ता लागला नाही.

टाकी पूर्ण ओतून द्यावी लागली. कोरड्या गावात, कोरड्या गटारात, एवढं पाणी धो धो वाहिलं. आजूबाजूच्या बायका घागरी घेऊन धावत आल्या आणि गटारातून भरायला लागल्या. काका ओरडून सांगत होते की हे वाईट पाणी आहे, याला हात लावू नका. एक बाई मान वर न करता म्हणाली, भांडी घासायला तरी होईल.

मोठ्या बाई काकांवर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. एवढ्या वर्षांत एकदा माणूस फसतो, असं म्हणाल्या, ड्रायव्हरनंच लबाडी केली म्हणाल्या, आणि उद्यापासून फाटकावर मीटरही ठेवू या, तुमची जीभ आहेच. काका खाली मान घालून हो म्हणाले. दारात त्यांची बायको उभी होती. काकांना तिच्याकडे पाहायचा धीर झाला नाही.

यंत्राचे नवे फिल्टर लांबून यायचे होते, त्याला बरेच दिवस लागणार होते. डायलिसिसच्या रुग्णांना तेवढे दिवस थांबवणं शक्य नव्हतं. त्यांना हॉस्पिटलच्या गाडीतून दूरच्या मोठ्या शहरात पाठवायचं ठरलं. मास्तर खिडकीशी बसले होते. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. शेजारी बायको, मांडीवर कपड्यांची पिशवी. काका खिडकीपाशी गेले. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते.

पण आधी मास्तरच बोलले. "घोटराव, चूक माझी झाली."

"तुमची कसली चूक?"

"मला तो घोट कडूजहर लागला होता. पण या आजारात सगळंच कडू लागतं. म्हटलं, आपलंच तोंड नासलंय, तुमच्या जिभेपुढे माझी काय किंमत? तेव्हाच बोललो असतो तर या सगळ्यांवर ही वेळ आली नसती." त्यांनी मागच्या सीटवरच्या माणसांकडे मान वळवून पाहिलं.

मास्तर, तुमची जीभ बरोबर होती, माझी मेली आहे, एवढीच दोन वाक्यं सांगायची होती. गाडी सुरू झाली. काका म्हणाले, "जपून जा." गाडी वळणावर दिसेनाशी झाली. स्वतःची एवढी किळस त्यांना कधी आली नव्हती.

शहरातल्या हॉस्पिटलात आधीच रांग होती. मास्तरांची पाळी लागायला उशीर झाला, पुढची त्याहून उशिरा. आयुष्याची शेवटची वर्षं घोटाघोटासाठी तरसलेला तो माणूस छातीत पाणी होऊन गेला.

फिल्टर आले, यंत्रं सुरू झाली, बाकीचे रुग्ण परतले. फाटकावर आता ताई मीटर बुडवते, आकडा वाचते, आणि मग सगळे काकांकडे बघतात. आकड्यानं लोकांचं समाधान होत नाही. काकांनी घोट घेतल्याशिवाय ड्रायव्हरही नळी जोडत नाहीत. काका ताईच्या चेहऱ्यावरून आकडा ओळखतात, घोट घेतात, फिरवतात, थुंकतात, मान डोलावतात. जीभ परत आलेली नाही.

एका सकाळी मास्तरांची बायको आली. डायलिसिसच्या खोलीत मास्तरांची उशी आणि त्यांचा लहान पेला राहिला होता, ते घ्यायला. जाताना ती फाटकाशेजारच्या बाकावर टेकली. काका समोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, बसा," ते म्हणाले, जरी ती बसलेलीच होती.

तिनं हळूहळू सांगितलं. तिकडे मास्तरांच्या तोंडी शेवटपर्यंत तेच होतं. माझ्यामुळे झालं, मी बोलायला हवं होतं. पलीकडच्या खाटेवरच्या परक्या माणसालासुद्धा सांगायचे. आणि भाऊजींना म्हणावं मनाला लावून घेऊ नका, असा निरोप होता. तो द्यायला ती थांबली होती.

"वहिनी," काका म्हणाले, "मला चव कळत नाही. तापानंतर गेली, ती गेलीच. त्या दिवशीही कळत नव्हतं. त्याच्या आधी कितीतरी महिने मास्तरांना जे सांगत होतो, ते सगळं बनवून सांगत होतो."

तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मांडीवरचा मास्तरांचा पेला सरळ केला, त्यात थोडं पाणी ओतलं आणि पेला काकांपुढे धरला. काकांनी तो घेतला. या वेळी त्यांनी घोट फिरवला नाही, थुंकला नाही. पेला रिकामा केला.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

"कळत नाही."

"एवढंच त्यांना सांगायचं होतं, भाऊजी," ती म्हणाली. "निदान आपली जीभ खरी होती, हे कळून तरी गेले असते."

तिनं पेला परत घेतला, पदरानं पुसून पिशवीत ठेवला आणि उशी काखेत मारून निघाली. फाटकाबाहेर टँकर येऊन थांबला होता. ताई मीटर घेऊन लॅबच्या पायऱ्या उतरत होती आणि ड्रायव्हर तोटी सैल करून काकांच्या पेल्याची वाट बघत होता.